तीन पाण्यांचं मांस

हेलिकॉप्टर उतरलं की बेटावरची सगळी कुत्री एकदम गळा काढतात. हा गोंधळ ठरलेलाच. इनालुक पिशव्या घेऊन खाली उतरली आणि पंखा थांबेपर्यंत टोपी दाबून उभी राहिली. मन अजून उमान्नाकच्या दवाखान्यात होतं, लेकीच्या कुशीतल्या त्या लालबुंद गोळ्यापाशी. नातू झाला होता. येताना वाटभर ती मनातल्या मनात देवाचे आभार मानत होती आणि दर वेळी डोळे भरून येत होते.

पंखा थांबला. दुकानामागची कुत्री ओरडत होती, धक्क्यावरची ओरडत होती, चर्चच्या चढावरची ओरडत होती. तिच्या घराच्या बाजूनं मात्र चकार शब्द नव्हता. तिकडून ऐकू येत होतं ते माणसांचं हसणं.

पिशव्या तिथंच बर्फात टाकून ती निघाली.

घरामागच्या खडकावर तिची अकरा कुत्री साखळ्यांना बांधलेली असत. खडकाच्या पायथ्याशी माणसं जमली होती. मासळीच्या कारखान्यातले दोन गडी फोन उंच धरून चित्रं घेत होते. म्हातारा तोबियासी काठीवर रेलून उभा होता. आणि मधोमध तिचा दीर येन्सेराक हातमोज्यानं डोळे पुसत होता, हसून हसून आलेलं पाणी.

वर काजोक उभा राहायची धडपड करत होता. काजोक म्हणजे तिचा म्होरक्या, तांबूस रंगाचा, रुंद छातीचा. पातळ बर्फाचा वास त्याला माणसाआधी यायचा. त्याचे मागचे पाय फाकत होते, धड डावीकडे कलत होतं, तो पुन्हा सावरत होता आणि पुन्हा थोबाडावर आपटत होता. जबड्यातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. पलीकडे काळी तुलुगाक एका कुशीवर पडून हवेत पाय मारत होती, स्वप्नात गाडी ओढत असल्यासारखी. बाकीची कुणी बसलेली, कुणी झिंगलेली, कुणी नुसतीच थरथरत होती.

"आली गं बाई वहिनी!" येन्सेराक ओरडला. "बघ, तुझ्या लेकरांनी नातवाच्या नावानं आमच्याआधी ढोसून घेतली!"

गडी खिदळले. "काजोकआजोबा, अजून एक पेला?" त्यातला एक म्हणाला.

इनालुक खडक चढून काजोकपाशी गुडघ्यावर बसली. तिनं त्याचं तोंड उघडून नाक आत घातलं. शिळ्या मुताचा उग्र, नाकातून डोळ्यांत चढणारा वास. त्या समुद्रावर वाढलेल्या कुणालाही तो वास दुसऱ्यांदा हुंगावा लागत नाही.

"शार्क," ती म्हणाली.

"शार्कच. मग?" येन्सेराक पुढं आला. "कारखान्यामागं पडला होता थंडीभर. कुणी हात लावत नव्हतं. म्हटलं आपली कुत्री खातील."

"किती पाणी बदललंस?"

"अगं, दोन महिने उघड्यावर गोठलेला तो. कुऱ्हाड लागत नव्हती, दगड नुसता! थंडीनंच सगळं मारलं असणार की."

"किती पाणी, येन्सेराक?"

"एक उकळी काढली ना. एक पाणी."

त्या किनाऱ्यावर हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. शार्कचं मांस एक तर फाकी करून उन्हाळाभर वाऱ्यावर टांगायचं, नाहीतर तीनदा उकळायचं आणि तिन्ही वेळा पाणी फेकायचं. मगच ते कुत्र्यापुढं ठेवायचं. खोल काळ्या पाण्याचा भार अंगावर घेऊन जगता यावं म्हणून देवानं त्या माशाच्या मांसात काहीतरी मुरवून ठेवलंय. तिथं खाली तेच त्याला तारतं आणि वर जमिनीवर तेच कुत्र्याला लोळवतं. थंडी त्याला काय मारणार? थंडीतच तर त्याचा सगळा जन्म जातो.

"आणि ते पाणी कुठं ओतलंस?"

येन्सेराकची नजर खडकाच्या उतरणीवर गेली आणि तिथं इनालुकला दिसलं: पिवळट बर्फाचा एक ओघळ, जिभांनी चाटून चाटून गुळगुळीत झालेला.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण तिचा आवाज चढला नाही. इनालुकचा आवाज चढत नसे. रागात तो उलट बसायचा, इतका की समोरच्याला वाकून ऐकावं लागे.

"मी खोपट भरून गेले होते. सीलचं मांस होतं. हलिबट माशांची सुकी डोकी होती. दारावर खडूनं लिहून ठेवलं होतं, एक दिवसाआड किती ते."

"ते सगळं आहे तसंच आहे!" येन्सेराकचा चेहरा एकदम उजळला. "बघ जाऊन. एक तुकडा हलवला नाही. तुझंच वाचवलं, वहिनी. म्हटलं एकटी बाई, कुठून आणते एवढं."

हे ऐकून ती जास्तच पेटली. त्यानं चोरलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चोराला निदान तोंडावर चोर म्हणता येतं. हा तर उपकार करून बसला होता.

"आत ठेवा ते फोन," ती गड्यांना म्हणाली. "हसून झालं असेल तर घरी जा."

"काकू, आम्ही काय केलं? उतरेल की संध्याकाळपर्यंत. माणसाची नाही का उतरत?"

"माणूस आपल्या हातानं पितो."

गडी चुळबुळ करत निघाले. तोबियासी तिथंच घुटमळला. "इनालुक, मी नव्हतो हसत हो."

"नव्हता हसत, आजोबा. गप्प उभे होतात. त्यांना हसू देत."

म्हाताऱ्यानं मान खाली घातली. मग काठी टेकत खडक चढला आणि तुलुगाकच्या पायात अडकलेली साखळी सोडवायला लागला.

येन्सेराकची बायको दोर्थे उशिरानं धावत आली, पदार्थ तळताना बांधायचं फडकं कमरेला तसंच. खडकावरचा प्रकार पाहून तिनं तोंडावर हात ठेवला. "ताई, मला वाटलं यानं सीलचं घातलं. वास आला मला, तर म्हणाला कारखान्याचा वास आहे."

"चूल पेटव," इनालुक म्हणाली. "सीलची चरबी टाकून पातळ रस्सा कर. कोमट. आणि तुझ्या नवऱ्याला माझ्या खडकावरून खाली उतरव."

दुपारभर तिघं राबली. अंगाखाली जुनी कातडी पसरून त्यांनी एकेक कुत्रं आडवं केलं. उठायला धडपडेल त्याला दाबून धरलं, कारण उठलं की पडत होतं आणि पडलं की झटके वाढत होते. दोर्थे डोकं मांडीवर घ्यायची, इनालुक जबड्याच्या फटीतून चमच्यानं रस्सा सोडायची. काहींनी ओकून टाकलं. जे ओकलं त्याला तोबियासी शाबासकी द्यायचा. "ओक, ओक बाळा, सगळं बाहेर काढ."

काजोकचे डोळे उघडे होते, पण बाहुल्या जागेवर नव्हत्या. इनालुकनं त्याच्या कानामागं हात ठेवला. आलिबाक गेला तेव्हा हा कुत्रा जेमतेम गाडीला लागला होता. आलिबाक तिचा नवरा. त्याच्यामागं सगळ्यांनी सांगितलं, कुत्री काढून टाक, कारखान्यात सुरी घे, उबेत बसून मासे साफ कर. येन्सेराक तर तेव्हापासून महिन्यात एकदा हाच पाढा म्हणायचा. तिनं ऐकलं नाही. ती बर्फावर गेली, काजोकच्या मागं. पहिल्या हिवाळ्यात गाडी उलटली, दुसऱ्यात दोरी तुटली, तिसऱ्यात कुठं कारखान्याच्या वजनकाट्यावर तिचे हलिबट पुरुषांच्या हलिबटशेजारी पडायला लागले. जमलेली अकरा कुत्री दुकानात मिळत नाहीत. एकमेकांची ओढ कळायला त्यांना वर्षं लागतात. ही गेली की मग सुरी आणि कारखाना, मरेपर्यंत.

हात जोडायची वेळ झाली तशी ती काजोकपाशी बसूनच प्रार्थना म्हणू लागली. रोजची होती, न चुकता म्हणायची. क्षमेच्या ओळीशी आली आणि जीभ टाळूला चिकटली. जशी आम्ही इतरांना क्षमा करतो, असं म्हणायचं होतं. ती थांबली. खोटं बोलून देवाची फसवणूक कशाला? ती ओळ सोडून ती पुढं गेली.

संध्याकाळी अर्ध्या कानाचा दांडगा कुत्रा दोनदा ताठला आणि गेला. तो गाडी उजव्या कडेनं ओढणारा तिचा गडी होता.

येन्सेराक खडकाच्या खालूनच बोलला. वर यायची त्याची छाती नव्हती. "वहिनी, रेडिओ ऐकलास? उद्या रात्री जमिनीकडचा गरम वारा सुटतोय. बर्फ फुटेल म्हणतात."

तिनं ऐकलं होतं. तिची गळांची दोरी बर्फाखाली होती, बेटापासून चांगलं दोन तासांच्या वाटेवर. निघताना ती दुसऱ्या कुणाला उचलायला सांगून गेली नव्हती. परतल्यावर आपणच ओढू असं तिला वाटलं होतं. ते सगळे गळ, तो हातरहाट, ती वजनं, आलिबाकनं जमवलेली शेवटची वस्तू न् वस्तू तिथं होती.

"तर मी काय म्हणतो," तो घसा साफ करत म्हणाला, "सकाळी जुंप यांना. जरा पळाले की रक्त फिरतं, नशा उतरते. मी बरोबर येतो."

"तुझ्या बापानं तेच केलं होतं," इनालुक म्हणाली. "आलिबाकनं सांगितलंय मला. निम्मी कुत्री जुंपलेली असतानाच कोसळली. तेव्हा तुम्ही घरात दोघं भाऊ होतात. एकानं लक्षात ठेवलं."

येन्सेराक पुटपुटला, "मग दोरी गेली म्हणून समज. माझ्या बर्फावरच्या मोटारगाडीचा भार हा बर्फ पेलणार नाही, मऊ पडलाय. आणि खरं सांगू का, राग मानू नकोस, देवाचीच इच्छा असेल. किती दिवस ओढणार तू हे? उद्या मी मुकादमाशी बोलतो, गरम जागा आहे आत..."

"देवाला मध्ये आणू नकोस," ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला होता की येन्सेराकला दोन पावलं पुढं यावं लागलं. "देवानं तुला तीनदा पाणी फेक म्हणून सांगितलं होतं. बापाच्या तोंडून सांगितलं, भावाच्या तोंडून सांगितलं. त्यानं त्याचं काम केलं."

पहाटे तुलुगाक गेली. तिच्या पोटाला हात लावला तर ते दगडासारखं. उरलेल्या नऊ जणांत काहींनी मान उचलली होती. काजोक मात्र पडूनच होता.

उजाडल्यावर इनालुकनं गाडी खडकाखाली ओढून आणली. दोर्थेला कुत्र्यांपाशी बसवलं, तोबियासीला चुलीपाशी. मग कुत्र्यांना जुंपायच्या पट्ट्यांचा जुडगा खांद्यावर टाकून ती येन्सेराकच्या दारी गेली. तो कॉफी पीत होता. कारखान्यातले ते दोन्ही गडीही टेबलाशी होते.

तिनं पट्टे टेबलावर टाकले. पेले हिंदकळले.

"हे काय?"

"काजोकचा पट्टा तुझ्या छातीला बसेल. या दोघा गड्यांसाठी आणखी दोन कुत्र्यांचे आणलेत."

"वहिनी, वेडबिड लागलंय का? आम्ही गाडी ओढायची? सगळं गाव बघेल!"

"काल गावानं कुत्री बघितली. आज तुम्हाला बघू दे. फोन घ्या हवं तर बरोबर."

एक गडी हसायला गेला आणि तिच्याकडे बघून थांबला. दुसरा उठून बूट घालायला लागला. त्याचं नाव मालिक. काजोकआजोबा म्हणून पेला विचारणारा तोच. "चल रे," तो खालच्या मानेनं म्हणाला. "काकूनं पोरपणी मला याच गाडीवरून शाळेत सोडलंय."

येन्सेराक बसूनच होता. "आणि नाही आलो तर?"

"तर रात्री माझी दोरी समुद्रात जाईल, आणि रविवारी चर्चच्या दारात मी सगळ्यांदेखत सांगेन का गेली ते. मोठ्यानं सांगेन. मला मोठ्यानं बोलता येतं, येन्स्या. तू कधी ऐकलं नाहीस एवढंच."

लहानपणचं नाव ऐकून तो उठला.

सारं गाव खिडक्यांत होतं. तिघे बाप्ये छातीला पट्टे बांधून पुढं वाकलेले, मागं रिकामी गाडी, आणि त्यांच्यापुढं इनालुक लोखंडी सळईनं बर्फ ठोकत चाललेली. सळईचा आवाज टणक आला की ती चालायची, बसका आला की वळण घ्यायची. काजोक असता तर तिला ठोकावं लागलं नसतं. कुणीतरी खिडकीतून कुत्र्याला घालतात तशी शीळ घातली. मालिकनं खाली बघूनच भुंकून दाखवलं, तेव्हा हसू फुटलं. ती हसली नाही.

वाटेत येन्सेराक दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा धापा टाकत म्हणाला, "छाती फुटेल माझी."

"तुझ्या पोटात तरी स्वच्छ कॉफी आहे. ऊठ."

दोरी सोडलेल्या भोकाशी पोचल्यावर त्यांनी वरचा पापुद्रा फोडला आणि रहाट फिरवायला घेतला. दोरी जड येत होती. पहिले हलिबट आले, चपटे, काळपट, तोंड वासलेले. मालिक ते काढून गाडीवर फेकत होता. हात गारठून लाल झाले होते. निम्मी दोरी वर आली आणि रहाट एकदम अडला. मग हळूच, अगदी हळूच, खालून काहीतरी यायला लागलं. हिसका नव्हता की झटापट नव्हती. जणू समुद्राचा तळच आळस देत वर येत होता.

"शार्क," मालिक म्हणाला.

त्यांनी भोक रुंद केलं. राखाडी, खरखरीत नाक वर आलं. दोन पुरुष लांब असेल. दोरी कल्ल्यांमागं गुंडाळलेली. उजव्या डोळ्याला एक फिकट किडा लोंबत होता, दोऱ्यासारखा. डावा डोळाही तसाच. किड्यांनी खाल्लेले ते डोळे काहीच बघत नव्हते. तोंड हळूच उघडलं, हळूच मिटलं. कालचाच वास बर्फावर पसरला.

येन्सेराकनं सुरी काढली. सवयच ती. तोडायचं डोकं, सोडवायची दोरी. "हा घे," तो म्हणाला, "याचं मी नीट करतो. उन्हाळाभर सुकवतो, वहिनी. शप्पथ. वर्षभराची बेगमी होईल कुत्र्यांची."

"सुरी ठेव."

"अगं पण..."

"ठेव म्हणते ना!"

बर्फावरून आवाज लांबवर गेला. गडी दचकले. इनालुकचा चढलेला आवाज त्या तिघांपैकी कुणीच आजवर ऐकला नव्हता.

"या माशाबद्दल रेडिओवर सांगत होते ते ऐकलंस कधी? तू फक्त वाऱ्याच्या बातम्या ऐकतोस. हा अजून वयातसुद्धा आला नसेल. दीडशे वर्षं! दीडशे वर्षं हा काळोखात, आंधळा, मुंगीच्या पावलानं फिरतो, तेव्हा कुठं याला पिल्लं होतात. हा एवढासा होता तेव्हा आपल्या बेटावर चर्च नव्हतं, तुझ्या पणज्याचा पत्ता नव्हता. आणि तुला!" तिला श्वास पुरेना. "तुला चुलीपाशी बसून तीनदा पाणी ओतायला धीर नव्हता. अर्ध्या दिवसाचं काम! अर्धा दिवस नव्हता तुझ्याकडे! माझी तुलुगाक दोन वर्षांची होती. पोटुशी असेल म्हणून मी तिला जपत होते. तिला पाय झाडत मरताना बघून तू हसलास. डोळे पुसत हसलास!"

येन्सेराकच्या हातातली सुरी खाली गेली. त्याचा ओठ लहान मुलासारखा वाकडा झाला.

"दोरी काप," इनालुक म्हणाली. आवाज पुन्हा बसला होता. "त्याचं अंग नाही, आपली दोरी. कल्ल्यांमागचा वेढा तुझ्या हातानं सोडव आणि जाऊ दे त्याला. याच्या मांसाचा तुकडा माझ्या खडकावर नको. सुकवलेला नको, उकळलेला नको."

"खालचे गळ जातील तेवढे."

"जाऊ देत."

येन्सेराकनं दोरी कापली, बर्फावर पालथा पडला, बाही खांद्यापर्यंत वर करून हात पाण्यात घातला. ते खरखरीत कातडं उलट्या बाजूनं घासलं की सोलून काढतं, त्याच्या मनगटावर रक्ताचे ओरखडे उठले. बराच वेळ तो चाचपडत होता. गडी त्याचे पाय धरून बसले होते. शेवटी वेढा सुटला. शार्क भोकात तसाच उभा राहिला, आपल्याला कुणी सोडलंय हे कळायलाही त्याला वेळ लागत होता. मग मागच्या मागं, नाक वर ठेवून तो काळ्या पाण्यात उतरत गेला.

उरलेली दोरी, रहाट, वजनं आणि हलिबट घेऊन ते परतले तेव्हा वारा नुकताच फिरायला लागला होता, गालाला कोमट लागत होता. येन्सेराकनं एकदाही थांबू या म्हटलं नाही. मनगटावरचं रक्त बाहीत गोठलं होतं. रात्रीतून बर्फ फुटला. कडाकडा आवाज येत राहिला आणि सकाळी बेटाभोवती काळं पाणी होतं.

खडकावर नऊ कुत्री होती. आठ बसली होती. काजोक अजून आडवा होता, पण चमच्यातला रस्सा तो आता स्वतः चाटत होता. दोर्थेचे डोळे जागरणानं सुजले होते. "मघाशी शेपूट हलवली त्यानं, ताई," ती म्हणाली. "खरंच हलवली. माझ्यासाठी नव्हे हो, माशीला असेल."

"मार्चात माशी कुठली?" तोबियासी म्हणाला. "तुझ्यासाठीच हलवली."

तेवढ्यात येन्सेराक आला. हातात मोठं पातेलं होतं, वाफ निघत होती. घरच्या पेटीतलं सीलचं मांस त्यानं शिजवून आणलं होतं, चांगलं बरगडीचं, पाहुण्यांसाठी राखतात ते. खडकाच्या पायथ्याशी तो थांबला. वर ये असं त्याला कुणी म्हटलं नाही.

पण काजोकनं कान टवकारले. त्यानं मान उचलली. पुढचे पाय रोवले, मागचे गोळा केले, कोसळला, पुन्हा रोवले. आणि थरथरत, चारही पायांवर, तो उभा राहिला. त्याची शेपूट हलायला लागली. आठवडाभर ह्याच माणसानं त्याच्यापुढं अन्न ठेवलं होतं. त्याला आठवत होतं ते एवढंच. तो येन्सेराककडे बघून कुईकुई करत साखळी ताणू लागला.

दोर्थे रडायला लागली. येन्सेराकही. "बघ वहिनी," तो म्हणाला, "बघ, उठला. त्यानं मला..."

"त्याला कळत नाही," इनालुक म्हणाली. "मला कळतं."

ती खाली उतरली. काजोक आपल्या पायांवर उभा होता आणि ज्यानं त्याला लोळवलं त्याच्याकडे झेपावत होता, ह्याचा आनंद करावा की संताप, हे तिला समजेना. दोन्ही एकाच वेळी छातीत आले, आणि संताप वर राहिला. ती येन्सेराकच्या अगदी समोर उभी राहिली.

"आधी तू खा."

"काय?"

"या पातेल्यातलं. सगळ्यांदेखत. आजपासून माझ्या कुत्र्यांपुढं तुझ्या हातचं काही जायचं असेल तर आधी तुझ्या तोंडात जाईल. हिवाळा संपेपर्यंत. पुढच्या हिवाळ्यातही."

येन्सेराकनं पातेल्याकडे बघितलं. खिडक्यांत पुन्हा माणसं जमली होती. मालिक कारखान्याच्या वाटेवर थबकला होता, हात खिशात. कुणी हसत नव्हतं.

त्यानं पातेलं बर्फावर ठेवलं, गुडघे टेकले, हातमोजा काढला आणि ओरखडलेल्या हातानं एक तुकडा उचलला. अळणी होता, कुत्र्यांसाठी मीठ घालत नाहीत. त्यानं चावला. घास घशाखाली जाईपर्यंत इनालुक त्याच्या गळ्याकडे बघत राहिली.

"अजून एक."

त्यानं अजून एक खाल्ला.

मग तिनं पातेलं उचललं, खडक चढून गेली आणि काजोकच्या पुढ्यात बसली. येन्सेराक खाली गुडघ्यांवरच होता. तिनं त्याला ऊठ म्हटलं नाही. एक मऊ तुकडा बोटांनी कुस्करून तिनं तळहातावर धरला. काजोकनं येन्सेराककडून मान वळवली आणि तिच्या हातातून खायला सुरुवात केली.